पगार, सातबारा आणि पतपेढीची पावती: रिटर्नबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला की आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेला माल यायला लागतो: फॉर्म १६ चा (पगार आणि त्यातून कापलेल्या कराच्या दाखल्याचा) तिरपा काढलेला फोटो, पासबुकाचं शेवटचं पान, आणि खाली एकच ओळ, "भाऊ, भरून टाका." आम्ही लोकांचे प्राप्तिकर रिटर्न भरून देतो, आणि पुढचे दोन महिने जळगाव, चोपडा, रावेर, अमळनेर, शिरपूर, शहादा इथून तेच तेच प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत, बहुतेक विचारणाऱ्याच्याच शब्दांत. आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या उत्पन्नाचे आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझा कर तर शून्यच येतो. मग रिटर्न कशाला भरू?

कर शून्य येणं वेगळं आणि रिटर्न भरावं न लागणं वेगळं. कराच्या नव्या पद्धतीत (पाहा प्रश्न ४) उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की रिटर्न भरावं लागतं. १२ लाखांपर्यंत कर लागत नाही तो कलम ८७अ च्या सवलतीमुळे, आणि ती सवलत रिटर्नमध्येच घ्यायची असते. उत्पन्न ४ लाखांच्या आत असलं तरी काही वेळा रिटर्न भरणं सक्तीचं होतं: वर्षभरात वीजबिल १ लाखाच्या वर गेलं, परदेश प्रवासावर २ लाखांच्या वर खर्च झाला, बचत खात्यांत ५० लाख किंवा जास्त भरले, किंवा टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापलेला कर) २५ हजार (ज्येष्ठांना ५० हजार) किंवा जास्त कापला गेला. पोराच्या परदेशी शिक्षणासाठी गेलेले आई-वडील यात हमखास सापडतात.

२. एप्रिलमध्येच उरकून टाकू ना, नंतर गर्दी होते.

नको. बँका, शाळा, कार्यालयं यांनी शेवटच्या तिमाहीत कापलेल्या टीडीएसचा तपशील द्यायची मुदत ३१ मे असते आणि फॉर्म १६ जूनच्या मध्यावर हातात येतो. त्याआधी एआयएस (प्राप्तिकर खात्याकडे असलेलं तुमच्या व्यवहारांचं वार्षिक पत्रक) अर्धवटच असतं. एप्रिलमध्ये भरलेलं रिटर्न जुलैत दुरुस्त करावं लागलं, अशी माणसं दरवर्षी भेटतात. १५ जून ते १५ जुलै हा खरा काळ.

पगारदार आणि पेन्शनरांची मुदत ३१ जुलै. "वाढवतातच" या भरवशावर राहू नका. २०२५ साली ती १५ सप्टेंबरपर्यंत वाढली आणि शेवटी आणखी एक दिवस मिळाला हे खरं, पण दरवर्षी तसं होत नाही. मुदत चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं, ५ हजार विलंब शुल्कासह (उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १ हजार). कर निघत असेल तर महिन्याला १ टक्का व्याज वेगळं.

३. कागदं कोणती आणू?

फॉर्म १६ तर आणालच. पण आम्हाला खरं हवं असतं ते तुम्ही घरी ठेवून येता ते: सगळ्या बँकांची पासबुकं (पगाराचीच नव्हे), पोस्टाचं पुस्तक, पतपेढीच्या पावत्या, वर्षभरात काही विकलं असेल तर त्याचा कागद, शेतमालाच्या पट्ट्या. एआयएसमध्ये प्राप्तिकर खात्याला काय दिसतं ते आम्ही उघडून बघतोच. त्यात नसलेलं तुम्हीच सांगायचं असतं. आणि दिसतं ते थोडं नसतं: बचत खात्यांत वर्षाला १० लाखांवर रोख भरणा, ३० लाख किंवा त्यावरचा जमीन-घराचा व्यवहार, मुदत ठेवी, शेअर्स. एखादी नोंद चुकीची किंवा दुसऱ्याची असेल तर तिच्यावर तिथेच हरकत नोंदवता येते. ती न नोंदवता रिटर्न भरलं की पुढे नोटिशीला उत्तर देत बसावं लागतं.

४. जुनी पद्धत बरी की नवी?

दोन्ही मांडून बघितल्याशिवाय सांगता येत नाही, आणि शेजाऱ्याला जी बरी पडली ती तुम्हाला पडेलच असं नाही. नवी पद्धत आपोआप लागू असते. तीत पगार आणि पेन्शनवर ७५ हजारांची सरसकट वजावट मिळते, पण घरभाडं, ८०क चे (विमा, भविष्य निर्वाह निधी वगैरेचे) दीड लाख, राहत्या घराच्या कर्जावरचं व्याज यातलं काही मिळत नाही. जळगाव-धुळ्यात घराचे मोठे हप्ते भरणाऱ्या, भरपूर विमा आणि भविष्य निर्वाह निधी असलेल्या पगारदाराला अजूनही कधीकधी जुनी फायद्याची निघते. बाकी बहुतेकांना नवीच. पगारदाराला दरवर्षी बदलता येतं, पण मुदतीच्या आत. उशिरा भरलं तर जुनी पद्धत निवडता येत नाही. धंद्याचं उत्पन्न असणाऱ्याला जुनीसाठी फॉर्म १०-आयईए आधी द्यावा लागतो, आणि त्याला मागे-पुढे उड्या मारता येत नाहीत.

५. पगारातून कर कापला, फॉर्म १६ वर आहे, पण २६एएसमध्ये दिसत नाही. आता?

हा प्रश्न शाळांकडून सर्वात जास्त येतो. २६एएस म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा खात्याकडचा तक्ता. कापणाऱ्या कार्यालयाने टीडीएसचं विवरणपत्र भरलेलं नसतं, किंवा तुमचा पॅन लिहिताना एखादं अक्षर चुकलेलं असतं. तुमच्या पगारातून कर कापल्याची पगारपत्रकं जपून ठेवा आणि कार्यालयाला लेखी अर्ज द्या, तोंडी नको. २६एएसमध्ये नोंद येईपर्यंत मुदत असेल तर थांबा. नसेल तर रिटर्न भरा, पण मागणीची सूचना येईल हे धरून चाला. नोंद आली की दुरुस्तीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. त्यात आपला दोष नसतो आणि पायपीट मात्र आपलीच होते.

६. वेतन आयोगाचा हप्ता एकदम मिळाला आणि कर वाढला. काही सूट आहे का?

आहे. मागच्या वर्षांचा पगार यंदा मिळाला तर कलम ८९ खाली दिलासा मिळतो. पण त्यासाठी फॉर्म १०ई प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवर रिटर्नच्या आधी भरावा लागतो. रिटर्नमध्ये दिलासा लिहिला आणि १०ई भरला नाही, तर तो नाकारला जातो. थकबाकी कोणत्या वर्षाची किती, याचा तक्ता कार्यालयातून घेऊन या. नुसती एकूण रक्कम घेऊन काही होत नाही.

७. शेतीला कर नाही. मग ती रिटर्नमध्ये दाखवायची कशाला?

शेतीवर थेट कर नाही, हे खरं. पण शेतीचं निव्वळ उत्पन्न ५ हजारांच्या वर असेल आणि बाकीचं उत्पन्न किमान मर्यादेच्या वर असेल, तर शेतीचा आकडा कराचा दर ठरवायला धरला जातो. सोपा फॉर्म, आयटीआर-१, तेव्हा चालत नाही. आयटीआर-२ लागतो.

उदाहरण घेऊ, कारण इथे शिकलेली माणसंही चुकतात. रावेर तालुक्यातले एक गुरुजी. पगार ११,७५,०००. सरसकट वजावट जाऊन ११ लाख. केळीचं निव्वळ उत्पन्न ६ लाख. गुरुजी म्हणतात, "बारा लाखांच्या आत आहे, कर शून्य." तसं नाही. आधी ११ आणि ६ मिळून १७ लाखांवर कर काढायचा: १,४०,०००. मग शेतीचे ६ लाख अधिक ४ लाख, म्हणजे १० लाखांवर काढायचा: ४०,०००. फरक १ लाख. ८७अ ची सवलत जास्तीत जास्त ६० हजार. उरले ४० हजार, त्यावर ४ टक्के उपकर. एकूण ४१,६००. शेती दाखवली नसती तर हाच आकडा शून्य दिसला असता, आणि म्हणूनच "नका दाखवू" असा सल्ला गावोगाव फिरतो. पण केळीचे पैसे बँकेतच येतात. त्या जमांचं दुसरं काय स्पष्टीकरण देणार?

निव्वळ म्हणजे खर्च वजा जाऊन. पट्टी १० लाखांची म्हणजे उत्पन्न १० लाख नव्हे. टिश्यूची रोपं, ठिबक, खतं, मजुरी यांच्या पावत्या ठेवा. निव्वळ आकडा ५ लाखांच्या वर गेला की जिल्हा, पिनकोड, किती एकर, स्वतःची की कसायला घेतलेली, बागायत की कोरडवाहू, हे सगळं फॉर्ममध्ये भरावं लागतं.

उलट्या प्रकारची माणसंही येतात. दुकानाचा पैसा "शेतीत टाका" म्हणतात. दोन एकर कोरडवाहू कापसात पंधरा लाख दाखवायला सांगतात. ते आम्ही करत नाही. सातबाऱ्यावरचा पीकपेरा आणि तो आकडा शेजारी ठेवले की कोणालाही कळतं.

८. सातबारा वडिलांच्या नावावर, पण कापसाचे पैसे माझ्या खात्यात आले. कोणाच्या रिटर्नमध्ये?

ज्याचं उत्पन्न त्याच्या रिटर्नमध्ये. खातं कोणाचं यावरून ते ठरत नाही. वडील कसतात आणि सोयीसाठी पैसे तुमच्या खात्यात आले, तर उत्पन्न वडिलांचं. तुम्ही स्वतः कसता, खर्च तुमचा, तर तुमचं. मग त्याचा साधा लेखी कागद असलेला बरा. चार भावांची एकत्र जमीन असेल तर वाटा पाडून चौघांनी आपापला दाखवायचा. एका भावाने सगळी रक्कम दाखवली की प्रश्न ७ मधलं गणित त्याच्या एकट्याच्या माथी बसतं.

९. आम्ही केळीचे बाग घेऊन कापतो. तीही शेतीच ना?

नाही, तो व्यापार. उभं पीक विकत घेऊन कापणाऱ्याचं उत्पन्न शेतीचं धरलं जात नाही; लावणाऱ्या शेतकऱ्याचं धरलं जातं. दूध, कोंबड्या, कापसाचं जिनिंग, केळीचे वेफर्स हेही शेतीत बसत नाही. रोपवाटिका मात्र बसते.

१०. शेतजमीन विकली. कर लागेल का?

ती "ग्रामीण" असेल तर नाही. ग्रामीण म्हणजे जवळच्या पालिकेच्या हद्दीपासून हवाई अंतर मोजायचं. एस.टी. स्टँडपासून नाही आणि रस्त्यानेही नाही. पालिकेची लोकसंख्या १० हजार ते १ लाख असेल तर २ किलोमीटर, १ ते १० लाख असेल तर ६ किलोमीटर. त्यापलीकडची जमीन करमुक्त. जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार यांची लोकसंख्या लाखावर, म्हणून ६. अमळनेर आणि चाळीसगाव २०११ च्या जनगणनेत लाखाच्या थोडे खाली होते, म्हणून तिथे २. नव्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले की हे गणित बदलू शकतं, त्यामुळे विक्रीच्या वर्षी पुन्हा बघा. हद्दीपासूनच्या अंतराचा लेखी दाखला मिळवून फाइलला लावा.

हद्दीच्या आतली असेल तर भांडवली नफा. दोन वर्षांपेक्षा जास्त काळ ठेवलेली असेल तर १२.५ टक्के, किंवा २३ जुलै २०२४ आधी घेतलेली असल्यास महागाई निर्देशांक लावून २० टक्के, यांतला कमी पडेल तो. त्याच पैशांतून दोन वर्षांत दुसरी शेती घेतली तर कलम ५४ब खाली सूट आहे, पण विकलेली जमीन आधीची दोन वर्षं तुम्ही किंवा आई-वडिलांनी कसलेली हवी. रिटर्नच्या मुदतीपर्यंत नवी जमीन सापडली नाही तर रक्कम बँकेतल्या भांडवली नफा खात्यात टाकावी लागते. "पुढच्या वर्षी घेणारच आहे" एवढं बोलणं पुरत नाही.

आणि सौद्याची रोकड. जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेतले तर तेवढाच दंड होऊ शकतो. अपवाद एकच: दोघांचं उत्पन्न शेतीचंच असेल आणि कोणाचंही करपात्र नसेल. गुरुजी आणि डॉक्टर यात बसत नाहीत.

११. जमीन हायवेत गेली. मोबदल्यावर टीडीएस कापला. तो मिळेल का?

२०१३ च्या भूसंपादन कायद्याखालच्या निवाड्याच्या मोबदल्यावर प्राप्तिकर नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१६ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलं आहे. तरीही कापला असेल तर रिटर्न भरून परत मागायचा. निवाड्याची प्रत लागेल. मात्र पैसे उशिरा मिळाल्याबद्दलचं व्याज वेगळं. ते मिळालं त्या वर्षी करपात्र, त्यातला निम्मा भाग वजा जातो. निवाड्यात मोबदला किती आणि व्याज किती ते वेगळं काढून घ्या. धनादेश एकच असतो, म्हणून लोक दोन्ही एकत्र धरतात.

१२. पतपेढीच्या ठेवीवर टीडीएस कापत नाहीत. म्हणजे ते व्याज करमुक्त ना?

नाही. बहुतेक पतसंस्थांना सभासदाच्या व्याजावर टीडीएस कापावा लागत नाही, इतकंच. व्याज करपात्रच आहे आणि ते एआयएसमध्ये दिसत नसल्याने विसरलं जातं. खानदेशात पतपेढीत पैसा नाही असं घर शोधावं लागेल, म्हणून हे आम्ही स्वतःहून विचारतो. बायकोच्या नावावर ठेव आणि पैसा नवऱ्याचा असेल, तर व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात.

आता अवघड भाग. संस्था बुडाली किंवा ठेवी अडकल्या, पावतीवर व्याज चढतंय पण हातात दमडी नाही. इतर उत्पन्न तुम्ही दरवर्षी हातात आल्यावरच दाखवत असाल, म्हणजे रोख पद्धत सातत्याने पाळत असाल, तर न मिळालेलं व्याज दाखवायची गरज नाही. मात्र सोयीप्रमाणे एका वर्षी चढलेलं आणि दुसऱ्या वर्षी मिळालेलं, असं करता येत नाही. मूळ ठेव बुडाली तर ती पगारातून वजा होत नाही. हे सांगताना वाईट वाटतं.

१३. आईचं जुनं सोनं मोडून नवं केलं. विकलं तर नाही ना?

कायद्याच्या नजरेत विकलंच. जुना दागिना देऊन नवा घेणं हेही हस्तांतरण. दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर नफ्यावर १२.५ टक्के. वारसाने आलेल्या दागिन्याची किंमत आईने दिलेली ती धरायची. १ एप्रिल २००१ च्या आधीचं असेल तर त्या दिवशीचा बाजारभाव धरता येतो, नोंदणीकृत मूल्यांककाचा दाखला घेऊन. दुसरं काही उत्पन्न नसलेल्या बाईला इथे फायदा आहे: नफा ४ लाखांच्या आत असेल तर कर नाही. पण ८७अ ची सवलत या नफ्याला मिळत नाही. सराफाची मोडीची पावती फेकू नका.

१४. मी विमा एजंट आहे. ८ टक्के दाखवून सोपं रिटर्न भरता येईल का?

कमिशन आणि दलालीला कलम ४४अड (हिशेब न मांडता उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा धरण्याची सोय) लागू नाही. खरा हिशेब, आयटीआर-३. किराणावाला, कापडवाला यांना मात्र ते चालतं.

१५. शेजारच्या गुरुजींना साठ हजार रिफंड आला. पगार सारखाच. तुम्ही माझा का नाही काढला?

दरवर्षीचं भांडण. बहुतेक वेळा तो रिफंड काढणाऱ्याने न दिलेल्या देणग्या, न भरलेलं भाडं, नसलेला विमा लिहिलेला असतो आणि रिफंडातून टक्केवारी घेतलेली असते. राजकीय पक्षांच्या देणग्यांची कलमं यासाठी विशेष आवडती. जुलै २०२५ मध्ये खात्याने देशभर अशा रिटर्न भरणाऱ्यांची तपासणी केली. आता फॉर्ममध्येच विमा कंपनीचं नाव, पॉलिसीचा क्रमांक, भाड्याचा तपशील मागतात. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड, आणि तो गुरुजींना, भरून देणाऱ्याला नव्हे.

स्वतःच्या घरात राहून घरभाड्याची सूट घेता येत नाही. वडिलांच्या घरात राहून घेता येते, पण भाडं खरंच त्यांच्या खात्यात गेलं पाहिजे आणि त्यांनी ते उत्पन्नात दाखवलं पाहिजे. मागच्या वर्षी चुकीचा रिफंड घेतला असेल तर अद्ययावत रिटर्न भरून मिटवता येतं. जादा कर २५ टक्क्यांपासून सुरू होतो आणि जितका उशीर तितका वाढतो.

१६. बँकेला कर्जासाठी तीन वर्षांचे रिटर्न हवेत. उद्यापर्यंत द्या.

मागच्या तारखेचं रिटर्न नसतं. जुन्या वर्षांचं अद्ययावत रिटर्न भरता येतं, चार वर्षांपर्यंत, जादा कर भरून. कर निघतच नसेल किंवा फक्त रिफंड मागायचा असेल तर तेही भरता येत नाही. कर्ज जास्त मिळावं म्हणून उत्पन्न फुगवाल तर कर त्याच फुगवलेल्या आकड्यावर. हे ऐकल्यावर बरेच जण चहा घेऊन निघून जातात.

१७. ओटीपी कशाला मागता? पासवर्ड तर तुमच्याकडेच आहे.

रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी झाली नाही, तर ज्या दिवशी ती होईल तोच भरल्याचा दिवस धरतात, म्हणजे विलंब शुल्क. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो आणि तो नंबर बऱ्याचदा शहादा किंवा सुरतला गेलेल्या मुलाकडे असतो.

सुरुवातीच्या वर्षांत सोय म्हणून मी पक्षकारांच्या प्रोफाइलवर माझाच ईमेल टाकायचो. एका निवृत्त गृहस्थांच्या रिटर्नमध्ये त्रुटी असल्याची नोटीस आली, उत्तराला १५ दिवस, आणि ती माझ्या शेकडो मेलांत दबून गेली. रिटर्न रद्द झालं. चूक माझी, भुर्दंड त्यांना. तो मी भरला. तेव्हापासून ईमेल आणि मोबाइल तुमचाच. पासवर्ड तुमच्या वहीत लिहून ठेवा. रिटर्न भरणारा बदलला तर पासवर्डही बदला.

१८. भाऊ, पैसा कव्हय येतीन? (रिफंड केव्हा येईल?)

बँक खातं पोर्टलवर प्रमाणित झालेलं असेल आणि पॅनवरचं नाव बँकेतल्या नावाशी जुळत असेल तर सहसा काही आठवड्यांत. आपल्याकडे अडतं ते नावात: पॅनवर माहेरचं, बँकेत सासरचं, कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. पॅन आधारला जोडलेलं नसेल तर रिफंड येतच नाही. जुनी मागणी बाकी असेल तर त्यात वळती होते.

१९. वडील वारले. त्यांचा मोबाइल चालू आहे, ओटीपी येतो. त्यावरच भरून टाकू का?

नको. मृत व्यक्तीचं रिटर्न वारसाने भरायचं असतं. पोर्टलवर वारस म्हणून नोंदणी करा: मृत्यूचा दाखला, दोघांचे पॅन, वारस असल्याचा पुरावा. मंजुरी आली की स्वतःच्या लॉगिनमधून त्यांचं रिटर्न भरता येतं. १ एप्रिलपासून मृत्यूच्या दिवसापर्यंतचं उत्पन्न त्यांच्या रिटर्नमध्ये. त्यानंतर ठेवींवरचं व्याज ज्याला ठेव मिळाली त्याचं. आईला सुरू झालेलं कुटुंब निवृत्तिवेतन आईच्या रिटर्नमध्ये, पगार म्हणून नव्हे तर इतर उत्पन्न म्हणून. त्यामुळे ७५ हजारांची वजावट त्यावर नाही. एक तृतीयांश किंवा नव्या पद्धतीत २५ हजार, यांतलं कमी ते वजा जातं.